पाण्याचा दिवस

शेवटी भोक पडलं. भिंतीला पडायचं ते आतल्या पायपाला पडलं. पण असं काही घडलंच नाही. निदान कुमारचं म्हणणं तसं होतं, आणि ते तो उजव्या हाताची करंगळी भिंतीत खुपसून, अगदी शांतपणे म्हणत होता.

"पडलं का भोक?" त्याच्या बायकोनं, पूनमनं, आतून विचारलं.

"तसं काही नाही."

"मग माझ्या पायाखालून पाणी कशाचं चाललंय?"

नेमणुकीच्या पत्रासाठी फ्रेम टांगायची होती, एवढंच. शिक्षकाच्या नोकरीचं ते पत्र अजून हातात नव्हतं. आज अकरा वाजता शिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयात कागदपत्रं तपासून घेतली की मिळणार होतं. गैरहजर राहिलं की यादीतलं नाव कटणार होतं. सहा वर्षं वाट बघितलेल्या माणसानं नवी पेठेतून फ्रेम तेवढी आधी आणली होती.

ड्रिल मशीन तळमजल्यावरच्या धोंडप्पांचं. देताना त्यांनी बजावलं होतं: चष्मा घाल, दोन्ही हातांनी धर, आणि पाण्याच्या दिवशी भिंतीला लावू नको. पहिल्या दोन गोष्टी कुमारनं पाळल्या. तिसरी त्याला शनिवारी नखं न कापण्यातली वाटली. असल्या गोष्टींवर त्याचा विश्वास नव्हता.

आज पाण्याचा दिवस होता. चार दिवसांनी नळ आलेला, खाली मोटर सुरू, आणि गच्चीवरच्या टाकीत चढणारं अख्ख्या बिल्डिंगचं पाणी कुमारच्या भिंतीतून वर जात होतं.

धोंडप्पा आले. त्यांनी आधी मशीनची पिन काढली, मग मशीन टॉवेलनं पुसून काखेत घेतलं.

"मशीनला काय झालं न्हाय," ते म्हणाले. मग त्यांचं लक्ष कुमारकडं गेलं.

त्यांनी भोकात लाकडी गिट्टी ठोकून बघितली. ती उलटी येऊन समोरच्या कपाटाला लागली. पूनमनं बोट घातलं. ते बारीक पडलं, कडेनं फवारा उडाला. धोंडप्पांचं बोट आत शिरलंच नाही.

"तुझंच माप हाय रे," ते कौतुकानं म्हणाले.

"काका, दोन मिनिटं मोटर बंद करा की."

"एकदा बंद केली की हवा धरती ती. मग पाणी वडत न्हाय."

"आन् कोन बंद करतंय तेच बघते!" जिन्यावरून वरच्या मजल्याच्या बजाबाई गरजल्या. "चार दिवस आमी काय ह्याचं पत्र प्यायचं व्हय?"

"टाकी कधी भरेल?"

"एक वाजंल की," धोंडप्पा म्हणाले. "हलू नको. लई बेस बसलंय बोट."

दहा वाजून गेले होते. बोट बधिर झालं होतं. पूनमनं प्रमाणपत्रांची फाईल आणली, वही उघडली, आणि तिनं रिक्षानं नेऊन द्यायचा अर्ज कुमार भिंतीकडं तोंड करून सांगू लागला:

"प्रति, माननीय शिक्षणाधिकारी साहेब. विषय: पडताळणीचे स्थळ बदलण्याबाबत. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून, अर्जदार सर्व मूळ कागदपत्रांसह वेळेवर हजर असून, केवळ भिंतीपाशी हजर आहे. तरी आपण शिक्का घेऊन दुसऱ्या मजल्यावर यावे, व अर्जदाराची डाव्या हाताची सही ग्राह्य धरावी, ही नम्र विनंती."