कोरी पट्टी

०

यंत्र सुरू केलं की आधी रक्त न लावलेली, कोरी पट्टी तपासायची, हा आमच्या प्रयोगशाळेचा नियम आहे. काचेच्या पट्टीवर उजेड पडतो, आणि तिच्यावरच्या रक्तात रोगाचा कण जरी असला तरी आकडा चढतो. कोऱ्या पट्टीला शून्यच यायला हवं. या पट्ट्या मी धाकट्या भावासाठी बनवल्या होत्या. त्या फक्त त्याच्याच गाठीची खूण ओळखतात. ऑपरेशननंतर वर्षभर त्याचं रक्त शून्यावर होतं.

१२

आज कोरी पट्टीच बारावर गेली.

“हात धुतलेस ना?” सर म्हणाले. “की डबा खाऊन तशीच आलीस?”

मी हातमोजे बदलले आणि नवी पट्टी लावली.

४०

सरांची थट्टा थांबली. मी भावाला फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

“मस्त आहे गं, ताई. घरी गादीवर लोळतोय. सकाळपासून इतकं हलकं वाटतंय, जणू अंगात कोणी नाहीच.”

९०

“तू तयार हो. मी येते, डॉक्टरांकडे जाऊ.”

“ते राहू दे. आधी तो निळा दिवा बंद कर. डोळ्यांत जातोय.”

“कुठला दिवा?”

“हाच की, माझ्या डोक्यावरचा. आणि तू एवढी वाकून काय बघतेयस?”

निळा उजेड फक्त यंत्राच्या बंद डबीत होता, पट्टीच्या बरोबर वर.

“बंद कर,” सर पुटपुटले.

“कर ना गं, ताई,” भाऊ म्हणाला.

माझं बोट यंत्राच्या बटणावर होतं, आणि ते मला दाबवेना.