करपलेली भाकरी

"मावशी, आजपण करपलेली भाकरी तुमच्याच ताटात?" पोलादपूरच्या त्या डोंगरवाडीत पाहणीसाठी मुक्कामाला आलेल्या गौतमीनं विचारलं.

"सवयच हाय गो ती," म्हणत तुळसा हसली. पण गौतमी परत गेली, तरी तो प्रश्न काही जाईना. चाळीस वर्षांत हे एकदाही कसं मनात आलं नाय?

संध्याकाळी पुन्हा एक भाकरी करपली. 'आज मी नाय खायची,' तुळसानं पक्कं ठरवलं. सगळ्यांना वाढून तिनं चांगली भाकरी घेतली. पहिलाच घास गोड लागला.

मग तिची नजर समोर जेवायला बसलेल्या नातवंडांकडे गेली. करपलेली भाकरी नातवाच्या नव्हे, नातीच्या ताटात होती. आपण ती तिथं कधी वाढली, ते तिला आठवेना.

सात वर्षांची श्रुतिका काही न विचारता ती खात होती.