मुंग्या

सुग्रीव जी.एस. झाला तर दिनकररावांच्या पदरात तीन गोष्टी पडणार होत्या. पंचायत समितीचं तिकीट, जुन्या वैऱ्याचं, बन्सीधरचं, उतरलेलं तोंड आणि कॉलेजचा नामांतराविरुद्धचा ठराव. पहिली गोष्ट तिसरीवर अडली होती. पक्षाच्या पुढाऱ्यानं आडपडदा ठेवला नव्हता. "विद्यापीठाचं नाव बदलू नका, असा पोरांचा ठराव आणा अन् तिकीट घेऊन जा."

सुग्रीव त्यांचा पुतण्या. कॉलेजचा सेक्रेटरी, म्हणजे जी.एस., निवडायचा तो वर्गावर्गाच्या प्रतिनिधींनी. असे सी.आर. नऊ होते, त्यांतलाच एक सुग्रीव. सोमवारी प्राचार्यांसमोर बैठक. तिथंच नावं सुचवायची, तिथंच चिठ्ठ्या टाकायच्या. तोवर मतं कशी राखायची, हे दिनकररावांना कुणी शिकवायला नको होतं. शुक्रवारीच सात पोरं जीपमध्ये घालून त्यांनी चुडाव्याच्या आखाड्यावर आणून ठेवली. शेतातल्या दोन खोल्या, वर पत्रा, दारात गडी. उरलेली दोन पोरं बन्सीधरनं स्वतःच्या भाच्यासाठी आधीच दडवली होती. ह्या पळवापळवीत कुणी कुणाला नावं ठेवत नसे.

सातांत आश्रुबाला बघून दिनकररावांच्या कपाळाला आठी पडली होती. हा पक्का नामांतरवाला. मागच्या मोर्चात पाठीवर काठ्या खाल्लेला.

"ह्याला कामून घेतलं रं?"

"शाळेत माझ्याच बाकावर बसायचा, काका. माझं ऐकतो."

मताला जात नसते, निदान चिठ्ठी टाकेपर्यंत तरी. दिनकररावांनी त्याला पुढच्या सीटवर बसवलं.

सुमनबाई, म्हणजे दिनकररावांच्या मालकीण, भाकऱ्या थापायला आखाड्यावर आल्या होत्या. बोकड पडलं, पत्त्यांचे डाव झाले. दुसऱ्या दिवशी पोरं कंटाळली. दूरदर्शनवर रविवारी सकाळी कॉलेजातल्या राजकारणाची सीरियल लागायची. मोर्चे, घेराव, पुढाऱ्यांनी पोसलेली पोरं, सगळं त्यात. नेमका ह्या रविवारी तिचा शेवटचा भाग होता. हॉस्टेलसाठी उपोषणाला बसलेला नायक पुढाऱ्याच्या हातून लिंबूपाणी घेतो का नाही, ह्यावर आठवडाभर पैजा लागल्या होत्या.

"भाग दाखवणार असाल तर ऱ्हातो, काका," एकजण म्हणाला. "न्हाईतर टेसन काय लांब न्हाई."

एका सीरियलपायी तिकीट घालवायला दिनकरराव खुळे नव्हते. घरचा छोटा टीव्ही आला. ट्रॅक्टरची बॅटरी सोडून त्याला जोडली. पत्र्यावर बांबू उभा राहिला, त्याला अँटिना.

सगळं जमत असताना सुग्रीवनं त्यांना बाजूला घेतलं.

"काका, ठरावाचं तेवढं ऱ्हाऊ द्या की."

"आधी खुर्चीवर बस. मग मला शहाणपण शिकव."

सुग्रीव टीव्हीपाशी जाऊन बसला आणि बटणं फिरवू लागला.

"मुंग्याच मुंग्या हायत, काका. कुणीतरी वर जायला पायजे."

गड्याला वर पाठवावं, तर दारावर कोण? तेवढ्यात बन्सीधरची जीप आली तर? पोरांतलं एखादं चढवावं, तर तेच मागच्या बाजूनं उडी मारायचं. दिनकररावांनी धोतर खोचलं आणि स्वतःच शिडी चढले.

"आलं का रं?"

"न्हाई. नांदेडकडं फिरवा."

"आता?"

"गेलं. परभणीकडं घ्या जरा."

"आता?"

"बाई दिसायलीय, पण तिला दोन तोंडं हायत."

खाली हशा पिकला. दिनकररावही हसले. पोरं खूश तर मतं खूश.

"धरून ठिवा तसंच," सुग्रीव ओरडला. "हात सोडला की जायलंय."

पत्रा तापला होता. दिनकरराव बांबूला मिठी मारून उभे राहिले. अधूनमधून सुग्रीव सांगायचा, "मुंग्या आल्या," आणि ते इंचभर सरकायचे. खाली पोरं कुजबुजत होती. चित्र नाही म्हटल्यावर दुसरं काय करणार बिचारी.

शेवटी सुग्रीवनंच हाक मारली. "या खाली. आता लागलं बघा."

खाली येऊन बघतात तर साबणाची जाहिरात, अगदी स्वच्छ.

"अन् शेवट?"

"हुकला," आश्रुबा म्हणाला. "तुमी लय कष्ट घेतले पण, काका."

"जाऊ द्या," दिनकरराव म्हणाले. "उद्या खरा शेवट दाखवतो."

सोमवारी दिनकररावांनी गुलाल आणि हार जीपमध्ये ठेवून सातही पोरं कॉलेजच्या दारात उतरवली. चिठ्ठ्या मोजून झाल्या आणि प्राचार्यांनी आश्रुबाचं नाव पुकारलं. बन्सीधरच्या भाच्याला दोनच मतं. पुढचं ऐकायला दिनकरराव थांबले नाहीत. त्याच बैठकीत ठरावही झाला. नामांतर झालंच पाहिजे, असा.

संध्याकाळी त्यांनी सुग्रीवच्या पाठीवर हात ठेवला. "सहाच्या सहा बेइमान निघाले. तुझं एक मत खरं." सुग्रीव पाणी प्यायला म्हणून आत गेला.

दिनकरराव ओसरीवर टेकले. बोकड त्यांचं, जीप त्यांची, उतरलेली बॅटरी त्यांची, आखडलेले खांदेही त्यांचेच. तिकीट तेवढं आता दुसऱ्याचं. पण पोरं फोडली कुणी? आखाड्यावर तर चिटपाखरू आलं नव्हतं.

पलीकडं शेजारच्या मालनबाई सुमनबाईंना विचारत होत्या, "मंग घेतलं का त्यानं लिंबूपाणी?"

"घेतलं की. पर झाडूवालीच्या हातून. पुढारी निसता गिलास धरून उभा. काय बोलला ते कुणाला ठावं, तोंड तेवढं हलत व्हतं."

दिनकररावांनी मान वळवली. "तुला काय म्हाईत शेवट? चित्र कुठं लागलं व्हतं?"

"अवं, सुरुवातीपासून आरशावानी दिसायलतं," सुमनबाई म्हणाल्या. "सुग्रीवनं आवाज तेवढा बंद केलता."