कडेचा माणूस

दत्तारामने टीव्हीवरची शाल काढली. त्याच्या बायकोने, सावित्रीने, खिडक्यांचे पडदे ओढले. भिंतीला टांगलेला तो टीव्ही पाटासारखा सपाट होता आणि दाराच्या फळीएवढा लांब. दत्तारामच्या मुलाने तो दुबईहून धाडला होता.

"सोफ्यार बसा गो," सावित्री म्हणाली.

विमला जमिनीवरच बसली. एका बाजूला तिचा नवरा लवू, दुसऱ्या बाजूला सून सारिका. सारिकाच्या कपाळावर कुंकू होतं. ते उद्या राहणार की जाणार, हे आता या टीव्हीसमोर ठरायचं होतं.

विमलाचा मुलगा नितेश वादळात सापडलेल्या ट्रॉलरवर होता. ट्रॉलर मिळाला नाही, त्यावरची माणसंही मिळाली नाहीत. दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा असं ठरलं, भटजींनी दिवसही काढून दिला. तो उद्याचा. पण मधेच बातम्यांत त्याच वादळातून वाचलेले काही खलाशी दिसले. गुजरातच्या कुठल्याशा बंदरावर घोंगड्या पांघरून उतरत होते. त्यांच्यात अगदी कडेला एक अर्धा चेहरा होता. एक डोळा, अर्धं कपाळ, कानामागे वळलेले कुरळे केस.

"माजो झील!" विमला ओरडली होती.

लवूने त्या बंदरावर फोन करवला. त्यांच्या नावांत नितेश नव्हता. "नाव चुकीचा घातल्यानी आसतला," विमला म्हणाली. केबलवाल्याकडून तिने बातमीची सीडी करून आणली आणि रोज दिवा लावून झाला की ती लावायची. उरलेला अर्धा चेहरा काही केल्या दिसत नव्हता. घरच्या जुन्या टीव्हीत चित्राच्या कडा कापल्या जात. क्रिकेटच्या धावासुद्धा अर्ध्याच दिसत.

"माज्या प्लाझ्मार सगळा दिसता, ह्या कडेपासून त्या कडेपर्यंत," दत्ताराम बोलून गेला, आणि लवूने ते धरलं.

"तो आसलो तर भटाक नको म्हणान सांगतंय," तो विमलाला म्हणाला. "नसलो, तर मगे तू काय बोलूचा नाय."

विमलाने मान हलवली. नितेश दारात येईपर्यंत भात खायचा नाही, हा तिचा नेम चालू होता. इकडे निघताना तिने धामापूरच्या भगवतीला मनातच हात जोडले. आये, आता माका अर्ध्यार ठेव नको.

सीडी आत गेली. दत्ताराम रिमोट चाचपत होता. गप्प बसणं लवूला जमेना.

"दत्तारामा, एवढ्या मोठ्या टीव्हीत बघतस तरी काय?"

"मॅच बघताना बॉलाची शिवण दिसता."

"आणि मालिकेतल्या सासूची पावडर," सावित्री म्हणाली. कोणी हसलं नाही. तिने पदर तोंडाला लावला.

बंदर दिसलं. बोट दिसली. खलाशी एकामागून एक फळीवरून उतरू लागले.

"आता," विमला म्हणाली. "आता बघा, कडेक."

तो आला. आज त्याला दोन्ही डोळे होते, दोन्ही गाल होते, पुरं कपाळ होतं. दत्तारामने चित्र थांबवलं.

विमला बघत राहिली. मग म्हणाली, "ताणलेलो दिसता. तुज्या टीव्हीन तेचा तोंड रुंद केल्यान."

ते खरंच होतं. सगळेच खलाशी फुगल्यासारखे दिसत होते. "जुना चित्र ताणला जाता ह्येच्यात," दत्ताराम ओशाळून म्हणाला. "थांब, बरोबर करतंय."

त्याने बटण दाबलं. दोन्ही बाजूंनी काळे पट्टे आत सरकले, माणसं बारीक झाली. तोही बारीक झाला. नाक फताडं होतं, दुसऱ्या भुवईपाशी जुनी खोक होती. कोणाचा तरी झील होता. चांगला होता.

लवूने गुडघ्यांवर हात टेकले, पण तो उठला नाही. सारिकाची मान खाली गेली होती.

"मान वर कर गो," विमला म्हणाली.

"आई, चला घराक."

"मान वर कर म्हणतंय ना!"

ती उठली. टीव्हीपाशी गेली. सावित्री पुढे झाली, "गो, काच ती..." पण दत्तारामने तिला नजरेनेच थांबवलं. विमलाने उजवा हात उचलला आणि त्या माणसाचा बाहेरचा अर्धा चेहरा तळव्याखाली झाकून टाकला. काच ऊन होती, माणसाच्या गालासारखी.

एक डोळा उरला. अर्धं कपाळ. कानामागे वळलेले कुरळे केस.

"आता बघ," ती हळू आवाजात म्हणाली. "हो बघ. आसा काय नाय?"

सारिकाने वर पाहिलं. तिचे ओठ हलले.

दत्तारामचा अंगठा कधी दाबला गेला ते त्यालाही कळलं नाही. चित्र सुटलं. तो माणूस पायाखाली बघत फळी उतरला आणि निघून गेला. कॅमेरा बोटीवरून पुढे सरकला. विमलाने हात काढला नाही. तिच्या तळव्याखाली आता नुसता समुद्र होता.