दहा दिवसांचा नियम

मोबाईलवरच्या खेळाचं व्यसन तपासायला माझ्याकडे दहा प्रश्नांचा छापील कागद असतो. शिरोळहून आलेल्या जिनेंद्रना मी त्यातला सहावा प्रश्न विचारला, "सोडायचं ठरवूनही सोडता आलं नाही, असं कधी झालंय?"

"न्हाय की, मॅडम! आमच्या जैनांच्या पर्युषणात देवापुढं नियमच घेतलता. धा दिवस मोबाईलला हात लावला न्हाय."

"तेव्हा चिडचिड?"

"अजिबात न्हाय."

मी दोन्ही ठिकाणी 'नाही'वर खूण केली. 'व्यसन नाही' असं लिहून फाईल त्यांच्या हातात दिली. बाहेर बाकावर बसलेली त्यांची बायको काहीतरी सांगायला उठली होती. मी पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

सहा महिन्यांनी ती एकटीच आली, तीच फाईल घेऊन. "खेळापायी नोकरी गेली त्यांची. आता हाक मारली तर मान वर करून बघत बी न्हाईत."

मला पटेना. मी फाईल उघडून त्या खुणेवर बोट ठेवलं. "अहो, पण दहा दिवस सोडलं होतं ना त्यांनी?"

तिनं फाईल मिटून परत पिशवीत ठेवली.

"मॅडम, नियम म्हणून त्या धा दिवसांत त्यांनी जेवण बी सोडलं हुतं की."