अक्काचा वाटा

पिशवीची गाठ सुटली आणि मालोजीरावांच्या काळजात धस्स झालं. दसऱ्याला लालबुंद ठेवलेलं खांद्याचं मटण कडेकडेनं पांढरं पडलं होतं, सुक्या खोबऱ्यासारखं. आणि अक्का तासाभरात जेवायला येणार होती.

कानडी मुलखात पिढ्यान्पिढ्या राहिलेल्या त्यांच्या मराठी घरची रीत अशी, की आयुधपूजेच्या बकऱ्यातला खांद्याचा वाटा बहिणीचा. तो तिच्या पोटात गेल्याशिवाय भावानं मटण तोंडात घालायचं नाही. गेल्या दसऱ्याच्या आदल्या दिवशी मालोजीराव फोनवर बोलून गेले, "येत नसलीस तर नको येऊस," आणि थोरली बहीण सुनंदाक्का खरंच आली नाही. वाटा फ्रीझरमध्ये गेला. आता वैशाख सरत आला होता. म्हाताऱ्यानं डॉक्टरच्या धाकानं मटण सोडलं असं घरात सगळे समजत होते, आणि म्हातारा त्यांना तसं समजू देत होता.

नात वर्षिणी कॉलेजात अन्नप्रक्रिया शिकत होती. तिनं तुकडा उचलून हुंगला, बोटानं दाबून पाहिला.

"परवागिल्ला अज्जा, काही बिघडलं नाही, भिऊ नको. सडलं नाही हे. वास नाही, चिकट नाही. फ्रीझर बर्न म्हणतात ह्याला. हवेनं आतलं पाणी ओढून घेतलंय, बस. मधे कधी विरघळलं नव्हतं ना?"

"छे! दगड होता दगड. काल रात्री खालच्या कप्प्यात ठेवलं, तेव्हाच सुटलं."

"मग खाल्लं तर काही होत नाही. चव मात्र गेली. पिशवीतली हवा काढून घट्ट गुंडाळलं असतं तर असं झालं नसतं." तिनं पिशवीचं तोंड चाचपलं. "कुणी उघडत होतं काय हे सारखं?"

मालोजीराव ओट्यावरचं पाणी पुसू लागले. दर रविवारी दुपारी, घर झोपलं की ते फ्रीझर उघडत. पांढरी वाफ हातांवर उतरे. ते गाठ सोडून आत बघत, अक्काचा वाटा आहे ना जाग्यावर म्हणून. त्या वाफेत त्यांना कावेरीचा घाट दिसे. पायरीवर अक्का लुगडं पिळत पाठमोरी उभी असे. आता वळेल, आता बघेल असं वाटेपर्यंत बोटं बधिर होत. मग तशाच बोटांनी सैलसर गाठ मारून ते दार लावत. अति तिथे माती म्हणतात, ती ही. जपून जपूनच त्यांनी तो वाटा वाळवला होता.

"मी ताजं घेऊन येते," वर्षिणी म्हणाली. "अक्काज्जीला काय कळतंय?"

मोह झाला. ते होय म्हणणार, एवढ्यात फाटक वाजलं. अक्का वेळेआधीच हजर! के. आर. नगरहून आलेली, काखेत आंब्याची पिशवी, पदरावर बसची धूळ. चप्पल काढून ती सरळ स्वैपाकघरात आली आणि ओट्यापाशी थांबली.

"ह्ये काय?"

"तुझं," मालोजीराव म्हणाले. त्यांना मान वर करवेना. "दसऱ्याचं."

अक्कानं पांढऱ्या कडेवरून बोट फिरवलं. भांडणाचं एक अक्षर काढलं नाही. नातीकडे वळून म्हणाली, "खाल्लं तर मरते काय गं मी?"

"नाही अक्काज्जी! कोरडं लागतंय नुसतं. पांढरं तेवढं कापून टाकूया."

"टाकायचं काय म्हणून? माझा वाटा हाय." तिनं पदर खोचला. "मालू, तू सुम्ने गप बस तिकडं."

मालोजीराव खिडकीपाशी बसले. बाहेर गुलमोहर पेटला होता आणि त्याची सावली फरशीवर हलत होती. कुकरची शिट्टी लांबून कुठून तरी आल्यासारखी वाटली. डोळे जड झाले. फरशीवर पाणी चढलं, पायऱ्या दिसल्या, अक्का लुगडं पिळत होती. या वेळी मात्र ती वळली. त्यांनी दचकून डोळे उघडले, तर समोर अक्काच होती, हातात ताट घेऊन.

"ऊट करायला चल, जेवण वाढलंय."

ती जेवायला बसली. पहिला घास चावत राहिली, चावत राहिली. मालोजीरावांचा जीव तिच्या जबड्यात अडकला होता. आयुष्यात इतकं घाबरून त्यांनी कुणाचं जेवण पाहिलं नव्हतं.

"कसं हाय?"

"कोरडं," अक्का म्हणाली, आणि दुसरा तुकडा उचलला. मग तिचं लक्ष भावाच्या ताटाकडे गेलं. भात आणि सार, एवढंच. "आणि तुला?"

"अज्जा मटण खात नाही, अक्काज्जी," वर्षिणीनं सांगून टाकलं. "दसऱ्यापासून सोडलंय."

अक्काचा हात थांबला. दसऱ्यापासून! रीत तिला नातीपेक्षा जास्त ठाऊक होती. तिनं आपलं ताट पुढं ओढलं. मग त्यातला सगळ्यात पांढरा तुकडा निवडून तिनं तो भावाच्या तोंडात घातला.

मालोजीराव चावत राहिले. चव कसलीच नव्हती. त्यांचे डोळे भरून आले.

"के. आर. नगरची बस अर्ध्या अर्ध्या तासाला सुटती, मालू," अक्का म्हणाली. "फ्रीझरपेक्षा तिच्यात ठेवायचं होतंस की."