एका हाताची सुरी

"मला अठरा पूर्ण आहेत की नाहीत, एवढंच बघायचंय ना?" एडना म्हणाली. "मग बघ."

पार्सल घेऊन आलेल्या बाईनं बघितलं. एडना स्टॅनिफर्थ अठ्ठ्याहत्तर वर्षांची होती. अर्धांगानं लुळा पडलेला उजवा हात पोटाशी धरून ती दाराच्या चौकटीला टेकली होती.

"मला दिसतंय हो, मिसेस स्टॅनिफर्थ. याला दिसत नाही." बाईनं हातातला फोन वर केला. तिच्या गळ्यातल्या पट्टीवर नसरीन असं नाव होतं. "आत सुरी आहे. फोटोचं ओळखपत्र दाखवल्याशिवाय हा पार्सल सोडू देत नाही."

एडनानं एप्रनच्या खिशातून बसचा पास काढला. "हा घे. म्हातारं झाल्याशिवाय मिळतच नाही हा."

नसरीननं पासवर फोन धरला. फोननं लाल फुली दाखवली. तिनं पास पुसून पुन्हा धरला. पुन्हा फुली.

"पासपोर्ट नाहीतर गाडीचं लायसन्स. बाकी काही चालत नाही याला."

"लायसन्स काढून घेतलं माझं. या हातामुळे. आणि या हातामुळेच ही एका हातानं कापायची सुरी मागवली."

"पासपोर्ट?"

"संपून नऊ वर्षं झाली. मी कुठे जाणार आहे?"

नसरीननं मागे वळून रस्त्याकडे पाहिलं. तिची गाडी दिवे लुकलुकवत अर्धी फुटपाथवर उभी होती. "कायदाच कडक केलाय आता," ती म्हणाली. "पोरं घरबसल्या सुऱ्या मागवतात. पुढे काय होतं ते तुम्ही ऐकताच. आमच्या गल्लीतला एक..." ती थांबली.

एडनानं तिच्या हातातला पास परत घेतला.

"कायदा बरोबरच आहे," मग ती म्हणाली. "पण मला कुणाला भोसकायचं नाहीये, पोरी. मला बशीतला मटणाचा चॉप कापायचाय. पाच आठवडे झाले या एका सुरीला. एका साइटनं सुऱ्या विकणंच बंद केलं, लोणी लावायच्यासुद्धा. दुसरी म्हणाली, एका हातात ओळखपत्र धरा आणि दुसऱ्या हातानं स्वतःचा फोटो काढा." तिनं लुळ्या हाताकडे पाहिलं. "दुसऱ्या हातानं, म्हणे."

नसरीनला हसू आलं, ते तिनं आवरलं.

"पंधराव्या वर्षी मी इथेच, शेफिल्डमध्ये, कारखान्यात सुऱ्यांना पॉलिश करत होते. दिवसाला शेकड्यांनी. तेव्हा एकानंही वय विचारलं नाही."

"घरात दुसरं कुणी आहे का? लायसन्स असलेलं?"

एडनानं आत वळून पाहिलं. आतून बशीवर सुरी घासल्याचा आवाज येत होता. नसरीनलाही तो ऐकू आला.

"मुलगा आहे," शेवटी एडना म्हणाली. गुन्हा कबूल करावा तशी.

फिलिप खांद्यावर फडका टाकून बाहेर आला. बावन्न वर्षांचा, दांडगा, मऊ आवाजाचा माणूस. त्यानं पार्सलवरची चिठ्ठी वाचली. "परत पाठव ना, आई. रोज दोन वेळा येतो, कापून देतो की मी. बोट कापून घेशील."

"लायसन्स आण, फिलिप."

"अगं, पण गरज काय?"

"तू छानच कापतोस. बारीक बारीक." तिचा आवाज चढला नाही. "सहा महिन्यांत मी एकदाच कुणाकडे जेवायला गेले. मैत्रिणीच्या, रूथच्या वाढदिवसाला. सगळे भाजलेल्या मांसाचा रोस्ट कापून खात होते आणि मी पोट बिघडलंय म्हणून सूप पीत बसले. लायसन्स आण."

फिलिपनं नसरीनकडे पाहिलं. नसरीननं फोनकडे पाहिलं. "माझी अजून एकतीस घरं राहिलीत," ती म्हणाली. "पण थांबते मी."

तो आत जाऊन कोटातून लायसन्स घेऊन आला. फोन एका झटक्यात हिरवा झाला. एडनानं डावा हात पुढे केला.

"तुमच्याकडे नाही देता येत," नसरीन ओशाळून म्हणाली. "ज्याचं लायसन्स, त्याच्याच हातात द्यायचं असतं."

फिलिपनं पार्सल घेतलं आणि तसाच उभा राहिला. एडनाचा हात पुढे होता तो तिनं मागे घेतला नाही. मग त्यानं पार्सल तिच्या तळव्यावर ठेवलं.

नसरीन गेल्यावर वरची चिकटपट्टी आणि आतलं जाड प्लास्टिक त्यालाच कात्रीनं कापावं लागलं. तेवढं तिनं त्याला करू दिलं. अर्धचंद्रासारखं पातं होतं, वर मूठ. दाबून मागेपुढे झुलवायचं. टेबलावर तिच्यासाठी बारीक तुकडे केलेली बशी तयार होती. ती तिनं त्याच्यापुढे सरकवली आणि त्याच्या बशीतला अख्खा चॉप आपल्याकडे ओढला.

पहिल्यांदा चॉप बशीच्या कडेपर्यंत घसरत गेला आणि टेबलक्लॉथवर रस्सा सांडला. फिलिप अर्धवट उठला.

"बस खाली."

दुसऱ्यांदा पातं हाडावर अडलं. तिसऱ्यांदा तिनं खांद्याचा जोर लावला. वाकडातिकडा, मांसापेक्षा चरबीच जास्त असा एक तुकडा सुटून आला. तिनं सुरी खाली ठेवली, त्याच हातानं काटा उचलला, तुकडा तोंडात घातला आणि बराच वेळ चावत राहिली.

फिलिप काटा हातात धरून तिच्याकडे बघत होता.

"जेव की," ती म्हणाली. "तुझं गार होतंय."